ज्ञानभांडार आणि एक जुना संगणक

(ज्ञानपंचमीनिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)

 

ज्ञानपंचमीच्या दिवशी या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ऐकावे, अशी आपल्याकडील रीत आहे. यंदा सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने ही जबाबदारी माझ्यावर सोपविली, याला कारण माझे ज्ञान नसून माझ्या हातून झालेली एक चूक आहे. त्या चुकीची कबुली देणे आणि ती ज्या मार्गाने उघडकीस आली तो मार्ग आपणांस सांगणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपल्यापैकी अनेकांना २६ जुलै २००५ चा महापूर आठवत असेल. गाढी नदीचे पाणी पनवेल शहरात शिरले, दुकानांतून कापडाचे तागे चिखलात लोळले. संस्थेच्या कपाटाचे खालचे दोन खण त्या पाण्यात होते. आयंबिल खात्याचे, ज्ञानखात्याचे व जीवदया खात्याचे जुने चोपडे त्यांतच होते. पाने एकमेकांस चिकटली, शाई पसरली. त्या वेळच्या आपल्या मानद चिटणीसांनी ती पाने पंख्याखाली वाळवून, भिंगाने वाचून काढली. आणि पुढे २००९ साली संस्थेने संगणक घेतल्यावर रोज सायंकाळी एक तास बसून सर्व नोंदी त्यात उतरविल्या. कायम तिथीच्या दात्यांची संपूर्ण यादी त्यांनी अशी तयार केली. ते आज आपल्यात नाहीत.

कायम तिथी म्हणजे काय हे बालमित्रांसाठी सांगतो. एखादे कुटुंब आपल्या आप्ताच्या स्मरणार्थ एकदाच रक्कम देते आणि संस्था वचन देते की, दरवर्षी त्या तिथीला त्या रकमेच्या व्याजातून आयंबिल होईल व ते नाव वाचले जाईल. दाता जातो, वचन मात्र राहते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही अशी हुंडी आहे की जिची मुदत कधीच संपत नाही.

गेल्या चातुर्मासात हा संगणक बंद पडला. कळ दाबली की निळा पडदा येई आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्यावर विंडोज एक्सपी ही प्रणाली होती; तिचा कंपनीकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी ‘हे भंगारात द्या, नवे घ्या’ असा सल्ला दिला. नोंदींची एक प्रत सीडीवर होती, परंतु ती सीडी आता उघडेना. छापील कागद म्हणून होती ती केवळ एक यादी, जी मी स्वतः २०१६ साली छापून आयंबिल भवनात लावली होती.

आपण लिहिलेल्या कागदाला पाय लागू देत नाही. लागला तर मस्तकी लावतो. ज्ञानाची आशातना होऊ नये, ही शिकवण आपल्याला आईच्या मांडीवर मिळते. ज्या यंत्रात एका श्रावकाची वर्षानुवर्षांची सेवा साठविली आहे, ते भंगाराच्या हातगाडीवर चढवायचे? माझे मन धजेना. मी ते यंत्र रिक्षात घालून घरी आणले.

माझा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याने यंत्र उघडले, पंख्यातील धूळ काढली आणि म्हणाला, ‘आजोबा, यंत्र आजारी नाही, त्यातली प्रणाली आजारी आहे. आपण लिनक्स टाकू.’ हे नाव मी प्रथमच ऐकत होतो. ते काय आहे, हे त्याने मला समजावले; पुढे मीही थोडे वाचले. तेवढे आपल्यासमोर ठेवतो.

संगणकाचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये एक मुनीम असतो. कळपट्टीवर टाइप केलेले अक्षर कोठे ठेवायचे, छपाई यंत्राला काय सांगायचे, हे सर्व तो पाहतो. त्यालाच कार्यकारी प्रणाली म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा स्वतः लिहावयास घेतला. त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला त्याने संगणकप्रेमींना तसे कळविले आणि हा आपला निव्वळ छंद असल्याचेही सांगितले. तत्पूर्वी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला होता. त्यांचे म्हणणे असे की, संगणकाची आज्ञावली कोणालाही वापरता यावी, तपासून बदलता यावी, तिची प्रत शेजाऱ्याला देता यावी आणि सुधारलेली प्रतही वाटता यावी. १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपले काम याच विचाराच्या परवान्याखाली आणले. या परवान्याची एक अट आहे: सुधारणा करून जो ती पुढे वाटेल, त्याने घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावेत. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही हाच गाभा आहे.

हे ऐकताना मला आपल्या ज्ञानभांडारांची आठवण झाली. वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले, असे आपली परंपरा सांगते. स्मरणशक्ती क्षीण होत चालली होती, दुष्काळ पडत होते. कंठस्थ ज्ञान लोपेल या भीतीने त्या महापुरुषांनी नव्या साधनाचा आधार घेतला. पुढे ताडपत्र आले, मग कागद आला. श्रावकांनी लहिये बसवून प्रती करविल्या व गावोगावी भेट दिल्या. प्रत करून देणे यास आपण दान म्हटले, चोरी म्हटले नाही. १९५० च्या सुमारास मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी जैसलमेरच्या भांडारातील पोथ्या अपार कष्टाने व्यवस्थित लावून त्यांची सूची केली, तेव्हा तेथील शतकानुशतकांचे धन अभ्यासकांपर्यंत पोहोचू शकले. साधने बदलत गेली, तरी प्रत्येक पिढीने मागच्या साधनातून पुढच्या साधनात ज्ञान उतरवून घेतले. ज्या ठिकाणी ते झाले नाही, तेथे ते वाळवीच्या मुखी गेले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. नातवाने ‘लिनक्स मिंट’ नावाची प्रणाली निवडली आणि तिचे ‘एक्सएफसीई’ हे हलके रूप घेतले. यासाठी किमान २ जीबी स्मृती व २० जीबी जागा लागते. आपल्या यंत्रात नेमकी २ जीबी होती, म्हणून त्याने एका जुन्या यंत्रातून काढलेली आणखी २ जीबीची पट्टी बसविली. प्रणाली इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून पेनड्राइव्हवर घातली. यंत्र सुरू होताना ते प्रथम हार्ड डिस्ककडे न पाहता पेनड्राइव्हकडे पाहील, अशी व्यवस्था केली. थोड्याच वेळात पडद्यावर स्वच्छ चित्र उमटले. हार्ड डिस्कला हात न लावता, केवळ पेनड्राइव्हच्या आधारे संपूर्ण प्रणाली चालवून पाहता येते, ही सोय मला फार आवडली. दुकानात गिऱ्हाईक जसे तागा उलगडून, हाताला लावून पाहते आणि मग घेते, तसेच हे.

त्यानंतर पडद्यावर ‘डिस्क पुसून लिनक्स बसवा’ असा पर्याय दिसला. मी उतावीळपणे माउस तिकडे नेला. नातवाने माझा हात धरला. ‘आजोबा, हे दाबले तर चिटणीसकाकांचे सगळे जाईल. आधी प्रत, मग खात्री, मग पुसणे.’ कोणतेही काम करण्यापूर्वी जयणा पाळावी, हे मी आयुष्यभर व्याख्यानांत ऐकत आलो. त्या दिवशी ती मला वीस वर्षांच्या मुलाने शिकविली.

जुन्या डिस्कमधील सर्व धारिका दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरल्या. मी आनंदाने तिथीची यादी उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंस यांचा निरर्थक गोंधळ. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नातवाने कारण सांगितले. त्या काळी मराठी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरीत, त्यांत संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असे. केवळ त्याचे रूप देवनागरीचे दिसे. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो. त्याने जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या कप्प्यात शोध घेतला, तो फॉन्ट सापडला, लिनक्समध्ये ठेवला, आणि पुढच्या क्षणी ‘श्री आयंबिल खाते, कायम तिथी’ ही अक्षरे माझ्यासमोर उभी राहिली. मला चिटणीसच भेटल्यासारखे वाटले.

डिस्क आधी पुसली असती, तर धारिकांची प्रत हाती असूनही वाचण्याची किल्ली आम्ही गमावली असती. वस्तू सुरक्षित असणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कित्येक घरांत पणजोबांचे मोडी लिपीतील चोपडे सुरक्षित आहेत. वाचणारे मात्र घरात कोणी नाही.

म्हणून पुढचे काम हाती घेतले. सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणल्या. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक आहे. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. आता कोणत्याही यंत्रावर ही यादी मराठीतच दिसेल. रूपांतर संगणकाने केले, परंतु जोडाक्षरांत चुका राहिल्या. त्यामुळे पाठशाळेतील पाच मुले मोठ्याने नावे वाचीत आणि मी जुन्या पावतीपुस्तकांशी ताडून पाहत असे. असे अकरा दिवस चालले.

सातव्या दिवशी एका मुलीने एक नाव वाचले आणि मी थांबलो. पावतीपुस्तकात ते होते, चिटणीसांच्या यादीत होते. मी छापलेल्या यादीत मात्र नव्हते. २०१६ साली मी संगणक न उघडता, जवळ असलेल्या जुन्या कागदावरून यादी छापविली होती. त्यानंतरची एक नोंद तीत आलीच नाही. पापड लाटून संसार केलेल्या एका विधवा श्राविकेने आपल्या सासूबाईंच्या नावे ती तिथी लिहविली होती. नऊ वर्षे आयंबिल भवनात ते नाव वाचले गेले नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या माउली दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या. मी त्यांच्या मुलापुढे हात जोडले. तो म्हणाला, ‘काका, आई दरवर्षी त्या दिवशी पुढे जाऊन बसायची. घरी येऊन म्हणायची, मला अलीकडे नीट ऐकू येत नाही.’

याउपर मी काय बोलावे? संस्थेचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. रुपयांत कधी तफावत निघाली नाही. तफावत नावात होती आणि ती शोधणारा ताळेबंद आमच्याकडे नव्हता. येत्या पौष महिन्यात त्या तिथीला ते नाव वाचले जाईल, आणि राहिलेल्या नऊ वर्षांची आयंबिले माझ्या खर्चाने करण्याची अनुमती मी विश्वस्त मंडळाकडे मागितली आहे.

यादीची खात्री झाल्यावर, दोन ठिकाणी प्रती ठेवून, मगच आम्ही डिस्क पुसली. लिनक्स बसण्यास अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला. या खेपेस ती कळ नातवाने मलाच दाबू दिली. आज ते यंत्र पाठशाळेत आहे. त्यावर लिबरऑफिस आहे, मुले इन्स्क्रिप्ट कळपट्टीवर मराठी टंकलेखन शिकत आहेत. शिकण्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ आहेत, तेही विनामूल्य.

व्यापारी आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. छपाई यंत्र चालू होण्यास आम्हांस तीन संध्याकाळ घालवाव्या लागल्या. माझ्या दुकानाच्या हिशेबाची आज्ञावली विंडोजवरच चालते, म्हणून दुकानात मी विंडोजच ठेवले आहे. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांवर आताच्या बहुतेक लिनक्स प्रणाली बसत नाहीत. प्रत्येक वस्तूला अनेक अंगे असतात, हे आपल्या अनेकान्ताने शिकविलेच आहे.

परंतु एक विनंती अवश्य करतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या घराघरांत, दुकानांत अशी यंत्रे असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जातील. त्यांत शिसे असते, जड धातू असतात. ते माती-पाण्यात मिसळले तर किती जीवांची विराधना होईल, याचा विचार करावा. चालणारी वस्तू अखेरपर्यंत वापरणे हा अपरिग्रहाचाच एक व्यवहार आहे. असे यंत्र पाठशाळेस द्यावे. मुले त्यावर लिनक्स बसवितील. मात्र देण्यापूर्वी त्यातील नोंदी उतरवून घ्याव्यात आणि त्या वाचता येतात ना, हे स्वतः उघडून पाहावे.

आज आपण ज्ञानाची पूजा करतो, पोथ्यांवरील धूळ झटकतो. यापुढे दरवर्षी याच दिवशी संस्थेच्या सर्व याद्या उघडून, मोठ्याने वाचून, पावत्यांशी ताडून पाहाव्यात, असा ठराव मी मांडला असून विश्वस्तांनी तो स्वीकारला आहे. चिटणीसांच्या सेवेची याहून उचित अनुमोदना मला सुचत नाही.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, आणि त्या माउलीच्या कानांना जो दोष माझ्यामुळे लागला, त्याबद्दल त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.