संकेतस्थळाचे प्लगिन आणि तपासणीची जबाबदारी
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



वर्गावर्गांतून सूचनावही फिरते. मुख्याध्यापकांच्या सहीच्या वर एक ओळ कोरी राहिली आणि कोणा खोडकर मुलाने तेथे 'उद्या शाळेस सुटी' असे लिहिले, तर मुले त्यावर विश्वास ठेवतात; कारण वही शाळेची व सही मुख्याध्यापकांची. संकेतस्थळांतील 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' हा दोष असाच आहे. बाहेरून आलेला मजकूर संकेतस्थळ न तपासता आपल्या पानात घेते, आणि त्यात दडलेली आज्ञा वाचकाचा ब्राउझर त्या संकेतस्थळाचीच समजून पाळतो. पान उघडणारा स्वतः व्यवस्थापक असेल, तर त्याच्या अधिकारांचा दुरुपयोग होऊ शकतो.

उपाय अवघड नाही. अंकगणितात आपण शिकवितो ते 'पेक्षा लहान' हे चिन्ह पानाच्या भाषेत आज्ञेच्या आरंभी येते. परक्या मजकुरातील अशी चिन्हे सांकेतिक रूपात बदलून मांडली, म्हणजे ब्राउझर ती केवळ दाखवितो. आज्ञा म्हणून पाळीत नाही.

मग दोष राहतो कसा? सन २०१५ मधील एक उदाहरण बोधप्रद आहे. वर्डप्रेस प्रणालीवरील संकेतस्थळांना ज्या तयार आज्ञावल्या जोडता येतात, त्यांस प्लगिन म्हणतात. पानाच्या पत्त्यात शब्द घालण्याची व काढण्याची दोन साधने वर्डप्रेसने प्लगिनकारांना दिली होती. ही साधने मजकूर निर्धोक करीत नाहीत, हे अधिकृत माहितीत पुरेसे स्पष्ट नव्हते. ते काम आपोआप होते, असे अनेकांनी गृहीत धरले. परिणामी जेटपॅकसारख्या नामांकित प्लगिनांसह कितीतरी प्लगिनांत एकच दोष आढळला. कर्त्यांनी परस्परांशी विचारविनिमय करून सुधारित आवृत्त्या काढल्या, आणि २० एप्रिल रोजी तो दोष जाहीर करण्यात आला.

हे कर्ते अननुभवी नव्हते. तपासणी अन्यत्र झालीच असेल, या समजुतीने त्यांस फसविले.

ज्या शाळांचे संकेतस्थळ आहे, त्यांनी आवश्यक तेवढेच प्लगिन ठेवावेत, निरुपयोगी काढून टाकावेत व सुधारित आवृत्ती विनाविलंब स्वीकारावी. व्यवस्थापक म्हणून प्रवेश केलेला असताना अनोळखी दुवा उघडू नये. मुलांची नावे आणि छायाचित्रे आपल्या विश्वासावर तेथे ठेवलेली असतात.

आणि शिक्षक म्हणून एवढे ध्यानी धरावे, की फळ्यावर आपण एक पायरी गाळली, तर ती वर्गातील प्रत्येक वहीत गळते.