खोळंबा आणि हरिपाठ

‘प्रवासातला खोळंबा आणि साधना’ हा विषय तुमच्या कार्यकारिणीनं सुचवला, तेव्हा मनात आलं, या सभागृहात मीच तुमच्याकडून काही शिकून जाईन. भारतात जाताना चॉकलेटं, येताना भाजणी आणि दोन्ही वेळा मधल्या कुठल्यातरी विमानतळावर फलकाकडे पाहत बसणं, हे तुमच्याइतकं कुणी केलंय?

21 मार्च 2025 तुम्हाला आठवत असेल. आदल्या रात्री हेजच्या नॉर्थ हाइड वीज उपकेंद्राला आग लागली आणि हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद. 1,300 हून जास्त उड्डाणं विस्कटली. पाडवा नऊ दिवसांवर होता. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये दुबईत इतका पाऊस पडला की दोन दिवसांत हजारावर उड्डाणं रद्द झाली. आणि 2010 चा एप्रिल! आइसलँडच्या त्या ज्वालामुखीचं नाव घ्यायला माझी जीभ आजही वळत नाही, पण त्याच्या राखेनं युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पाडलं होतं.

अशा वेळी नेमकं काय छळतं? डेव्हिड माइस्टर या अभ्यासकानं 1985 मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यातलं निरीक्षण साधं आहे. रिकामं बसून काढलेला वेळ लांब वाटतो, कारण न सांगितलेला उशीर लांब वाटतो आणि कधी संपेल हे ठाऊक नसलेला तर सर्वांत लांब. विमानतळावर हे तिन्ही एकदम भेटतात. फलकावर आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग नुसतंच ‘माहितीची प्रतीक्षा करा’. ‘सहा तास लागतील’ असं पहिल्यांदाच सांगून टाकलं असतं, तर आपण निदान पाय पसरून झोपलो असतो.

आता मी तुम्हाला पंढरपुरात नेते. आषाढीच्या आधी विठ्ठलाची दर्शनबारी देवळातून निघते ती गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जाते. पदस्पर्श दर्शनाला कित्येक तास लागतात, रात्र बारीतच जाते. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत असतो. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून बायका बसलेल्या, एकीच्या पायाला फोड आलेत, दुसरी त्यावर खोबरेल लावतेय. रांग हलली की कुणीतरी ‘पुंडलिक वरदे’ म्हणतं, सगळ्या उठतात, पिशव्या काखेत मारतात, दहा पावलं पुढे जातात आणि पुन्हा बसतात. संध्याकाळी एका टोकाला हरिपाठ सुरू होतो. टाळ नसले तर टाळ्या. पुढच्यांनी चाल उचलली की तो बारीतून सरकत जातो.

ही बारी फार पवित्र वगैरे असते असं समजू नका. तिथं भांडणंही होतात. ‘ओ मावशी, मागनं या, आम्ही काय येडे म्हणून हुबं हाये का?’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि थोड्या वेळानं त्याच दोघी एका भाकरीवरचा ठेचा वाटून खाताना पाहिलंय. चिडायला तिथंही मनाई नाही, पण राग धरून ठेवायला वेळ मिळत नाही, कारण पुढचा अभंग सुरू झालेला असतो.

आणखी एक गोष्ट. ज्यांना बारीत उभं राहणं झेपत नाही, ज्यांची पेरणी खोळंबलीय, ते नामदेव पायरीवर डोकं टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. पंधरा-वीस दिवस चालून आलेला माणूस मूर्ती न पाहता गावाला जातो आणि ‘वारी पोचली’ असं समाधानानं सांगतो. मला याचं फार अप्रूप वाटतं. अमुक वाजता अमुक ठिकाणी पोचलो तरच प्रवास पुरा झाला, ही अट त्यानं मनातून काढलेली असते. ती अट सुटली की फलकावरच्या आकड्याचा निम्मा जोर जातो.

हरिपाठासारखं काही म्हणण्याचा शरीराशीही संबंध आहे. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाच्या लुचानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणवून घेतलं. 2001 च्या डिसेंबरात ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा जास्त तत्पर झाली. प्रयोग लहान होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण त्यांनी श्वास मोजायला सांगितलं नव्हतं. शब्दच इतके लांब होते की श्वास आपोआप मंदावला. रामरक्षा घाई न करता म्हणून पाहा, तसंच होईल. मात्र ओठ हलले पाहिजेत. कानात भजनं लावून फोनवर विमानाचा ठावठिकाणा शोधत बसणं, याला मी साधना म्हणणार नाही.

दुसरी वाट इगतपुरीची. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या गाड्या पूर्वी तिथं इंजिन बदलायला थांबत, तेव्हा खोळंब्याशी त्या गावाचं नातं जुनंच. तिथंच सत्यनारायण गोएंकांचं धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र 1976 मध्ये सुरू झालं. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो, पुढं अंगावरच्या संवेदना. विमानतळावर तेच करायचं: उशिराची घोषणा झाली की कान तापतात, जबडा आवळतो, पोटात खड्डा पडतो. ते नुसतं पाहायचं. कान कुठपर्यंत तापलेत, आता वाढतंय की ओसरतंय? ज्यांना देवाचं नाव घेणं जमत नाही, त्यांना ही वाट बरी.

पण दोन्हींना पूर्वतयारी लागते. घरी कधीच न बसलेला माणूस प्रवेशद्वार क्रमांक 34 समोर पहिल्यांदा डोळे मिटणार असेल, तर त्याला फक्त स्वतःची चिडचिड अधिक स्पष्ट ऐकू येईल. रोज संध्याकाळी दिव्यापाशी दहा मिनिटं काढणाऱ्याला विमानतळावर ती वेगळी शोधावी लागत नाहीत.

आता एक तक्रार. आपल्याकडे शांत राहणं आणि मुकाट बसणं यांची फार गल्लत होते. ब्रिटनमधून सुटणारं 3,500 किलोमीटरांहून लांबचं विमान चार तास किंवा जास्त रखडणार असेल, तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं, रात्र काढावी लागली तर हॉटेलही. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई मिळत नाही, पण जेवण-निवाऱ्याचा हक्क तरीही राहतो. तो मागावा. जप झालेला माणूस काउंटरवर तो नीट मागू शकतो, एवढा तरी जपाचा उपयोग व्हावा. पलीकडची मुलगी सकाळपासून शिव्या खातेय. विमान तिनं बिघडवलेलं नाही. तिच्याशी आपण कसं बोलतो यावरून आपली साधना कुठवर आलीय ते कळतं, डोळे मिटून किती वेळ बसलो यावरून नाही.

आणि एक खोळंबा असा आहे की त्याबद्दल बोलायला मी कचरते. गावी वडील गेलेत, बर्फ ठेवून लोक थांबलेत आणि तुम्ही अर्ध्या वाटेत अडकलात. या सभागृहात अशी माणसं असतील. त्यांना ‘नाम घ्या, शांत वाटेल’ असं सांगायची माझी हिंमत नाही. शेजारी बसलेल्यानं त्या वेळी तत्त्वज्ञान सांगू नये; पाण्याची बाटली आणावी, फोनला चार्जर द्यावा, काउंटरवर सोबत जावं. एक मात्र सांगते. महाडला 1927 साली जाळली गेली, त्या मनुस्मृतीतलं पुष्कळ आपण टाकून दिलं आणि ते योग्यच झालं. पण तिच्या पाचव्या अध्यायात दूरदेशीच्या मृत्यूची बातमी उशिरा कळणाऱ्यासाठी एक नियम आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेले दिवस सुतक पाळायचं, दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन दिवस. म्हणजे आपल्या माणसापासून लांब असलेल्याला उशिरा कळणार, तो वेळेवर पोचणार नाही, हे तेव्हाही गृहीत होतं. त्याला दोषी ठरवलेलं नाही. त्याच्या दुःखासाठी वेगळे दिवस नेमून दिलेत. ‘निदान दहाव्याला तरी पोचलो’ असं म्हणणाऱ्या कुणाला आपण कधी कमी लेखलंय का?

शेवटी तुमच्या आईवडिलांबद्दल, कारण या प्रवासात सर्वांत एकटे तेच असतात. सत्तरीची आई एकटी येतेय, मधल्या थांब्यावर विमान रखडलंय, तुम्ही इकडे फोनवर कासावीस. ती बहुधा खुर्चीत बसून हरिपाठ म्हणत असेल. तिला साधना शिकवायची गरज नाही. तिला इंग्रजीत लिहिलेला एक कागद लागतो: नाव, आजार, औषधं, तुमचा फोन नंबर, पुढच्या विमानाचा क्रमांक. तो लॅमिनेट करून गळ्यात अडकवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. जपमाळ चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. इन्सुलिनही तिथंच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या कप्प्यात थंडीनं ते गोठून निकामी होऊ शकतं.