मनाची गोळी आणि वजनकाटा



घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल,
तर आपण विचारतो, गोळी घेतली का?
वजन किती झालं, हे कुणी विचारत नाही.

ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं गुणकारी आहेत.
पण त्यांनी भूक वाढते. वजन वाढतं.
रक्तातली साखरही वाढू शकते.
म्हणून गोळी सुरू होतानाच
वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.
नंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा.
क्लोझापिन असेल, तर पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नका.

बायपोलर आजारात देतात त्या लिथियमचं जरा वेगळं.
त्याची रक्तातली पातळी मोजावी लागते.
मूत्रपिंड आणि थायरॉईडही बघावं लागतं.
विदर्भातला उन्हाळा, जुलाब, निर्जळी उपास...
अंगातलं पाणी कमी झालं, की लिथियम रक्तात साठतं.
हात फार थरथरले, तोल गेला, उलट्या झाल्या,
तर लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि रुग्ण म्हणाला, छातीत दुखतंय,
तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका.
आपल्याकडे हे फार होतं.

पुन्हा सांगते.
गोळी मनाची, तरी तपासणी शरीराचीही.
गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.
शंका असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.
नंबर लिहून घ्या.
एक, चार, चार, एक, सहा.
फोन मोफत आहे, आणि रात्रीही उचलला जातो.