फणसाडचें अरण्य आणि कोर्लईचा किल्ला



समुद्रकिनारा, अरण्य आणि जुन्या किल्ल्यांचे अवशेष हीं तिन्ही एकाच प्रवासांत पाहावयाचीं असतील, तर रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या परिसरांत जावें. उदगीरहून तो प्रदेश रस्त्यानें पांचशें किलोमीटरांच्या वर आहे. तरी आम्हां उदगीरकरांस तो अगदींच परका नाहीं. आमचें गांव निजामाच्या राज्यांत होतें, मुरूड जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या संस्थानांत होतें. आणि १९४८ या एकाच वर्षीं दोन्ही राजवटी संपल्या. आमच्याकडे मागें किल्ला राहिला. तिकडे किल्ल्याबरोबर एक अरण्यहि राहिलें. त्या अरण्याचें नांव फणसाड.

तें टिकलें कसें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नबाबांनीं तें आपल्या शिकारीसाठीं राखून ठेविलें होतें. हेतु जनावरें मारण्याचा. पण त्या बंदीमुळें कुऱ्हाड बाहेर राहिली आणि झाडें वांचलीं. पुढें १९८६ सालीं तेथें अभयारण्य जाहीर झालें, आणि जें एका राजाच्या करमणुकीसाठीं होतें तें सर्वांच्या मालकीचें झालें.

सुपेगांवाकडून आंत शिरलें कीं पायवाटा सुरू होतात. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांच्या दाट छायेंतून त्या चढत-उतरत जातात. आपल्या राज्याचा मानाचा प्राणी जो शेकरू, तो येथें झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत असतो. डोळ्यांस दिसण्यापूर्वीं बहुधा त्याचा आवाज कानीं येतो. जाडजूड वेलींतील एक गारंबीची. तिच्या शेंगा दोन-तीन हात लांब असतात, आणि तिचें बीं पाण्यावर तरंगत समुद्राच्या प्रवाहांबरोबर दूरच्या किनाऱ्यांस लागतें. हीच वेल पूर्व आफ्रिकेंतहि वाढते. ज्या सिद्द्यांचें हें रान होतें, त्यांचे पूर्वजहि आफ्रिकेंतूनच आलेले, हें येथें सहज आठवतें.

रानांतील पाणवठ्यांना तिकडील लोक ‘गाण’ म्हणतात. मराठवाड्यांतील मनुष्यानें तेथें अंमळ थांबावें. कोंकणांत आमच्या सुमारें तिप्पट पाऊस पडतो. तरीहि चैत्र-वैशाखांत तेथील कित्येक गांवीं पाण्याचे हाल होतात, कारण पडलेलें पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळतें. रानांत मात्र पालापाचोळा आणि मुळें तें अडवितात, जमिनींत मुरवितात, व मग गाणीला सावकाश पुरवितात. २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. पाऊस किती पडला एवढेंच मोजून भागत नाहीं. तो कोणीं धरून ठेविला, हेंहि पाहावें लागतें.

आतां किल्ल्याकडे वळूं. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशीं, समुद्रांत घुसलेल्या एका अरुंद डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ सालीं पोर्तुगिजांनीं तो निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० सालीं तो मराठ्यांकडे आला. वर चढल्यावर एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्यें पडक्या देवळाच्या—ख्रिस्ती देवळाच्या—भिंती दिसतात. छप्पर केव्हांच गेलें आहे. पण पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें अद्यापि पोर्तुगीज-मराठी मिश्रणांतून झालेली एक बोली बोलतात. तिला तीं ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असें म्हणतात. दगड ढांसळले, शब्द टिकले. कारण शब्दांना रोज वापरणारीं माणसें होतीं.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें आणि जिल्ह्यांत असंख्य झाडें उन्मळून पडलीं. त्यावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पडलेली भिंत आपण होऊन उभी राहात नाहीं. तिच्या सांध्यांत पिंपळाचें रोप रुजलें, तर तें वेळींच काढावें लागतें. नाहींतर तेंच रोप बुरूज फोडतें. रानाचें याच्या उलट आहे. त्याच्या जखमा तें स्वतः भरून काढतें. अट एवढीच कीं तेथें चराई, वणवा आणि कुऱ्हाड यांनीं पुन्हां घाला घालूं नये. किल्ला राखावयास हात लावावा लागतो, अरण्य राखावयास हात आवरावा लागतो. एकाच वाटेवर हे दोन धडे मिळतात, आणि शाळेंतील मुलांस ते पुस्तकापेक्षां तेथें लवकर कळतील.

म्हणून जाणारांनीं हिवाळ्यांत जावें, वनखात्याची परवानगी व माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा, सूर्यास्तापूर्वीं रानाबाहेर पडावें, आणि भिंतीवर आपलें नांव कोरूं नये. उदगीरचा किल्ला तर आपल्या दारांतच आहे. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामावर मिळविलेल्या विजयाशीं त्याचें नांव जोडलेलें आहे. त्याचा चिरा आपण सांभाळला, आणि आसपासच्या माळावर चार झाडें जगविलीं, तर फणसाडपर्यंत केलेल्या प्रवासाचें सार्थक झालें असें मी समजेन.