यंत्राने इशारा द्यावा, माणसाने काम थांबवावे



आपल्या आगरदांड्याहून दिघीला जायचे म्हणजे फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते. आता या खाडीवर पूल व्हायचा आहे. रेवस ते रेड्डी हा जो सागरी महामार्ग, त्याचा हा भाग. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हे काम हाती घेतले आहे. अशा कामांवर आपली मुलेही जातील. म्हणून आज एका नव्या साधनाविषयी सांगतो.

त्याला म्हणतात कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव मोठे, पण गोष्ट साधी आहे. लहान मूल चार मांजरे पाहते. मग पाचवे दिसले की ओळखते. तसे संगणकाला हजारो चित्रे दाखवतात. मग बांधकामावरच्या कॅमेऱ्यातून पाहून तो सांगतो, "वर चढलेल्या माणसाने हेल्मेट घातलेले नाही." खांब कलला, तडा वाढला, तर तेही कळवतो. सिमेंट केव्हा लागेल, पावसाळ्याआधी किती काम उरकेल, याचाही अंदाज देतो.

मग मुकादमाने आणि इंजिनिअरने झोपा काढाव्यात काय? मुळीच नाही!

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. सावित्रीला पूर आला होता. महाडजवळचा ब्रिटिश काळातला पूल कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती. पुलाला धोका नाही, असे ठरले होते. पाहा, तपासणी मे महिन्यातली, आणि पूर ऑगस्टातला!

यंत्राच्या हिरव्या दिव्याचेही असेच आहे. त्याला जे दाखवले, तेवढेच ते जाणते. भिंगावर पावसाचे पाणी आले, अंधार पडला, की ते चुकू शकते. आणि धोका ओळखला, तरी रस्ता अडवायला कोणीतरी माणूस नेमलेला हवाच.

तांडेलाकडे मासळी दाखवणारे यंत्र असते. पण वारा फिरला, तर होडी माघारी वळवतो कोण? तांडेलच ना? बांधकामावरही तसेच असावे.

यासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरलेले असावे. त्याचे नाव फलकावर लिहावे. "यंत्राने सांगितले नाही," ही सबब चालू नये.

दुसरी : परांची हलते आहे, असे मजूर म्हणाला, तर यंत्र काहीही सांगो, आधी माणसे खाली उतरवावीत. मग तपासावे.

तिसरी : कॅमेरा जीव वाचवण्यासाठी आहे, मजुरी कापण्यासाठी नव्हे. तो काय टिपतो, हे मजुरांना सांगितले पाहिजे. नाहीतर माणसे त्याला चुकवू लागतील, आणि धोका झाकला जाईल.

आता तुम्हाला वाचता येते. कामावर गेलात की आधी फलक वाचा. तिथे नाव नसेल, तर विचारा, "येथे काम कोण थांबवील?" उत्तर मिळाल्यावरच वर चढा.