जाड कोटाआधी घामाचा विचार

बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे ६७० मीटरवर, कलबुर्गी त्याहूनही खाली. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे हिमालयातल्या मोहिमेचं सामान भरताना इथला तरुण आधी जाड कोट शोधतो. माझं म्हणणं, आधी घामाचा विचार करावा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे खरंच. पण चढताना अंग तापतं, घाम येतो आणि थांबताच ओले कपडे ऊब ओढून घेतात. आपला रोजचा सुती सदरा तिथे घातक, कारण सूत पाणी धरून ठेवतं. म्हणून अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट थांब्यासाठी आणि अतिथंड चढाईसाठी.

थरांनी ओझं वाढेल, असं कुणी म्हणेल. सहा हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्याहून कमी, तिथे प्रत्येक किलो छळतो. तरी काटछाट बदलायच्या कपड्यांत करावी. हातमोज्यांचा दुसरा जोड आणि दुसरा गॉगल यांत कदापि नाही. उडालेल्या एका हातमोज्यापायी हिमदंशाने बोटं जातात. उष्ण मुलखात सराव कसला, हा आक्षेपही टिकत नाही. पुणे बीदरहून सखल, तरी तिथल्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेचे गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. थंडी इथे मिळणार नाही. पण भरलेली सॅक घेऊन बीदरच्या पठाराचे उतार चढता येतात, जाड हातमोजे घालून क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फासाठी बुटांखाली बांधायच्या काट्यांचे, पट्टे आवळणं अंगणातही शिकता येतं.