'शीळ' : एका तबकडीचे आयुष्य



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय मांडण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज तीन मिनिटांचा विषय घेऊन आलो आहोत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेवढे मावे, तेवढाच. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता आणि जी. एन. जोशी यांनी गायिलेली तिची ध्वनिमुद्रिका, हा तो विषय.

संगीतात नवी लाट येते, तिच्यातले एखादे गाणे घरोघर जाते, आणि लाट ओसरली की बहुधा तेही विसरले जाते. विलायतेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'न्यू वेव्ह' नावाची लाट उठली. तिच्यातल्या काही वाद्यवृंदांचे एखाददुसरेच गाणे आज लोकांच्या ध्यानात उरले आहे. आपल्याकडे अशी लाट १९३०च्या आसपास आली. तिचे नाव भावगीत.

तोवर गाणे म्हणजे नाटकातले पद. एकाच शब्दावर गवयाने ताना घ्याव्यात, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' द्यावा, आणि शब्दांनी आपले मुकाट्याने बाजूस उभे राहावे! १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता जाहीरपणे गाऊन दाखवण्याची गोडी लावली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरू लागले. लोकांना छोटे, शब्द कळणारे, आपल्याला गुणगुणता येईल असे गाणे हवे होते.

नेमक्या या वेळी 'शीळ' आली. कवी आपल्या चिखलीला लागून असलेल्या मेहकरचे. नागपूरच्या विद्यार्थ्यांत ती कविता तोंडोतोंडी फिरत होती. तिथेच ती जोशींच्या गळ्यात बसली, आणि १९३०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हिज मास्टर्स व्हॉइसने तिची तबकडी काढली. भावगीताची पहिली तबकडी म्हणून तिचे नाव घेतात. पहिली की दुसरी, हा वाद आम्ही पंडितांवर सोपवतो. आम्हांला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कवीचा 'शीळ' हा संग्रह छापून निघाला १९५४ साली! म्हणजे गाणे वीस वर्षे महाराष्ट्रभर हिंडल्यावर त्याच्या मागून पुस्तक आले.

आता हे गाणे टिकले का? चाल गोड आहे म्हणून, असे सहज म्हणता येईल. पण गोड चाली शेकड्यांनी झाल्या आणि गेल्या. आमच्या मते खरे कारण त्या कवितेत बोलणाऱ्या बाईत आहे. रानातून शीळ येते आणि ती 'राया'ला बोल लावते. तुला वेळेचे भान नाही, रीतभात नाही, असा तिचा सूर. तक्रार तर करते, पण जीव तिकडेच ओढतो आहे. आणि हे तिला कळते, तसेच ऐकणाऱ्यालाही. प्रेम आहे असे ती सरळ म्हणाली असती, तर गाणे पहिल्या ऐकण्यातच संपले असते. शिवाय तिची बोली आपल्या शेतशिवारातली. शहरी प्रेमकवितेतली कमळे आणि चंद्रिका तिच्या आसपास नाहीत. जोशींनी ही बोली जपली, शब्दांवर तानांचे ओझे लादले नाही. बाईचे मनोगत पुरुषाच्या आवाजात आले, याचेही कोणाला वावडे वाटले नाही. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला ते का वाटावे?

मात्र एक गोष्ट आम्हांला बोचते. तबकडी लोक गवयाच्या नावाने मागत. कवीचे नाव मागे पडे. जोशी मुंबईला गेले, त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले, कितीतरी थोर गवयांचे आवाज त्यांनी जतन केले. नानासाहेबांनी मात्र पैनगंगेकाठी, शारंगधर बालाजीच्या गावी वकिली केली. १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा पुष्कळांना हा कवी मेहकरात असतो हे नव्याने कळले. २००० साली ते गेले. आज गाणे खिशातल्या फोनवर ऐकू येते, पण ते कोणाचे असे विचारले तर आपल्याच जिल्ह्यातली मुले गायकाचेही नाव सांगत नाहीत आणि कवीचेही. पुण्यामुंबईने विसरावे, हे समजू शकते. चिखली-उंद्रीने विसरावे?

ग्रंथालयाच्या चिटणिसांना आमची एक विनंती आहे. 'शीळ' आणि 'खूणगाठी' हे दोन्ही संग्रह कपाटात नसतील, तर या वर्षीच्या खरेदीत त्यांची नावे आधी लिहावीत. आता आमचे बोलणे पुरे. ती जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवण्याची सोय येथे केली आहे. खरखर होईल, तिकडे लक्ष देऊ नका. बाई काय म्हणते तेवढे ऐका.